बेलफास्टची रंगशाळा: सरकार सिनेमाला पैसे देतं ते नेमकं कशासाठी?

मराठी चित्रपटांच्या अनुदानाची बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘एवढ्या पैशात चार शाळांची छपरं झाली असती.’ दुसरी, ‘अनुदान वाढवलं नाही तर मराठी सिनेमा संपला.’ दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण एक गोष्ट दोघांनाही मान्य असते: सरकारने सिनेमाला मदत करायची म्हणजे निर्मात्याच्या हातात चेक ठेवायचा. मला खटकतं ते हेच. चेक हा या मदतीचा अगदी छोटा भाग असू शकतो. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. ते कसं चालतं हे समजून घ्यायला एका लहानशा प्रदेशाकडे पाहू.

तो प्रदेश म्हणजे उत्तर आयर्लंड. ब्रिटनचा भाग, राजधानी बेलफास्ट. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १९ लाख. आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार, म्हणजे अख्खा उत्तर आयर्लंड अर्ध्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा. त्यातून ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये सामील व्हायचं, या दोन समाजांच्या वादात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे तीस वर्षं दंगली, बॉम्बस्फोट, गोळीबार. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. जिथे पर्यटक फिरकत नव्हता, तिथे कॅमेरे आणि कलाकार घेऊन कोण जाणार? आज तिथे जगातल्या मोठ्या मालिका आणि चित्रपटांची चित्रीकरणं होतात. हे आपोआप झालेलं नाही.

स्क्रीन एजन्सी म्हणजे काय?

एखाद्या प्रदेशात चित्रपट, मालिका, माहितीपट, ॲनिमेशन, गेम्स हे उद्योग रुजावेत म्हणून सरकारी पैशावर, पण सरकारी खात्याबाहेर राहून काम करणारी संस्था म्हणजे स्क्रीन एजन्सी. उत्तर आयर्लंडमधली संस्था १९९७ मध्ये ‘फिल्म कमिशन’ म्हणून सुरू झाली. आज तिचं नाव ‘नॉर्दर्न आयर्लंड स्क्रीन’. पुढे तिला नुसतं ‘एजन्सी’ म्हणू.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ही संस्था एका वाक्यात सांगता येते: साखर कारखान्याचं शेतकी खातं. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तो दिवस सगळ्यांना दिसतो. पण त्याच्या वर्षभर आधी शेतकी खात्याचा माणूस बांधावर आलेला असतो. कुठलं बेणं लावायचं ते तो सांगतो, बेणं आणि खत उधारीवर मिळवून देतो, लागणीची नोंद घेतो. पुढे तोडणीच्या टोळ्या ठरतात. दिलेली उधारी ऊसबिलातून कापून घेतली जाते. शेतकरी आपल्या पायावर, कारखानाही चालू.

एजन्सी हेच करते, फक्त उसाच्या जागी गोष्ट असते. पटकथा कागदावर असतानाच ती लिहून पुरी व्हावी म्हणून थोडे पैसे देते. बाहेरून कोणी चित्रीकरणाला येणार असेल तर जागा शोधून देते, परवानग्यांसाठी मदत करते, स्थानिक सुतार, शिंपी, ड्रायव्हर, लाइटमन यांची ओळख करून देते. निर्मितीच्या खर्चातला काही वाटा उचलते. त्यातला बराच पैसा बक्षीस म्हणून दिलेला नसतो, चित्रपटाची कमाई झाली की त्यातून परत घेण्याच्या बोलीवर दिलेला असतो. सगळेच चित्रपट कमावत नाहीत, त्यामुळे सगळाच पैसा परत येत नाही. सगळीच लागण तरी कुठे कारखान्यापर्यंत पोहोचते?

पैसा येतो कुठून?

तीन-चार ओढ्यांतून. प्रदेशाच्या अर्थ आणि उद्योग खात्याकडून येतो तो पैसा रोजगारासाठी असतो. राष्ट्रीय लॉटरीचा एक वाटा येतो. ब्रिटनमध्ये १९९४ पासून लॉटरीच्या उत्पन्नातला काही भाग कला, क्रीडा, वारसा अशा कामांना जातो, त्यातला उत्तर आयर्लंडमधल्या चित्रपटांचा भाग ही एजन्सी वाटते. शिवाय भाषेसाठीचा वेगळा निधी आहे, त्याकडे पुढे येऊ.

याखेरीज संपूर्ण ब्रिटनमध्ये कर-सवलत आहे, चित्रपटांना २००७ पासून आणि मोठ्या खर्चाच्या मालिकांना २०१३ पासून. पण ती लंडनलाही आहे, एडिंबरालाही आहे आणि बेलफास्टलाही. सगळ्यांच्या दुकानात एकच भाव असेल तर गिऱ्हाईक आपल्याच दुकानात का येईल? तिथे एजन्सीचं काम सुरू होतं.

जहाजांच्या रंगाची शेड

बेलफास्टची जुनी ओळख जहाजबांधणीची. १९११ मध्ये टायटॅनिक पाण्यात उतरलं ते तिथल्याच हार्लंड अँड वुल्फ या गोदीतून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती गोदी उतरणीला लागली, हजारो कामगार घरी बसले आणि मोठमोठ्या शेड रिकाम्या पडल्या. त्यातली एक होती ‘पेंट हॉल’. जहाजाच्या सांगाड्याचे प्रचंड तुकडे आत आणून रंगवायचे. रंग नीट बसावा म्हणून आतलं तापमान आणि दमटपणा ताब्यात ठेवायची सोय. आत चार अवाढव्य कक्ष, छत सात-आठ मजल्यांएवढं उंच.

आता सिनेमावाल्याला स्टुडिओत काय हवं असतं ते पाहा. उंच छत, बाहेरच्या उजेडापासून आडोसा, अवजड सामान थेट आत नेता येईल असा दरवाजा, पावसापाण्याची चिंता नको. पेंट हॉलमध्ये हे सगळं आयतं होतं. आपल्या भाषेत रंगशाळा म्हणजे नाटकाची जागा. बेलफास्टमध्ये खरोखरच रंगाची शाळा नाटकाची शाळा झाली.

२००७ मध्ये हॉलिवुडच्या एका चित्रपटाचं अख्खं भूमिगत शहर या हॉलमध्ये उभं राहिलं. जागा चालते हे सिद्ध झालं. मग २००९ मध्ये एचबीओ या अमेरिकी वाहिनीने एका मालिकेचा चाचणी-भाग उत्तर आयर्लंडमध्ये चित्रित केला. ती मालिका म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’. २०११ ते २०१९, आठ हंगाम, ७३ भाग, आणि बेलफास्ट हा तिचा मुख्य तळ.

पण श्रीमंत कंपनीला आपला पैसा कशाला?

हा आक्षेप तिथेही होता आणि तो रास्त आहे. एचबीओसारख्या कंपनीला करदात्यांचा पैसा द्यायची गरज काय?

एजन्सीचं उत्तर हिशोबाचं होतं. आठ हंगामांत मिळून तिने सुमारे १.६ कोटी पौंड दिले. त्या बदल्यात मालिकेने उत्तर आयर्लंडमध्ये २५ कोटी पौंडांहून जास्त खर्च केला, असा तिचा अंदाज आहे. इथे एक शब्द लक्षात ठेवायला हवा: ‘स्थानिक खर्च’. म्हणजे निर्मितीचा जो पैसा त्या प्रदेशातल्या माणसांच्या आणि दुकानांच्या हातात जातो तो. मजुरी, हॉटेल, लाकूड, कापड, घोडे, गाड्या, जेवण. एजन्सी पैसे देताना पहिला प्रश्न हाच विचारते, की आमच्याकडे किती खर्च कराल.

मात्र या आकड्याकडे डोळसपणे बघायला हवं. खर्च म्हणजे नफा नव्हे. हॉटेलला मिळालेल्या शंभर रुपयांतले किती गावात राहिले आणि किती बाहेरच्या मालकाकडे गेले, हे त्यातून कळत नाही. शिवाय हा अंदाज पैसे देणाऱ्या संस्थेचा स्वतःचा आहे.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: पैसा नेमका कोणत्या कामासाठी खर्च झाला?

कोल्हापूरजवळच्या एका वाड्यात चालू असलेलं चित्रीकरण मी दोन दिवस बसून पाहिलं होतं. गावातून काय गेलं? खुर्च्या, मांडव, सकाळचे पोहे, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि भडंग, जमावाच्या दृश्यासाठी साठ माणसं. जनरेटरची गाडी मुंबईची. लाइटमन मुंबईचे. कॅमेरा, ट्रॉली, रुळांपासून रंगभूषेच्या पेटीपर्यंत सगळं मुंबईचं. गावाला पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू. पण चित्रीकरण आवरून गाड्या गेल्या तेव्हा गावात कोणालाही नवीन काही येत नव्हतं. फक्त एका पोराला थोडंसं येत होतं. वाड्याच्या वायरिंगची माहिती असलेला गावातला इलेक्ट्रिशियन, दोन्ही दिवस तो लाइटमनच्या मागे मागे केबल ओढत होता. त्याच्याकडे पुन्हा येतो.

पोह्यांचा खर्च आणि लाइटमनचा खर्च हिशोबाच्या वहीत सारखाच दिसतो. परिणाम मात्र सारखा नसतो. पोहे संपतात, लाइटमन शिकला की पुढचा चित्रपट त्याच्यासाठी येऊ शकतो.

माणूस तयार करणं

एजन्सीचं खरं काम मला इथे दिसतं. तिच्या मदतीने होणाऱ्या निर्मितीत स्थानिक शिकाऊ माणसं घ्यावीत, यावर तिचा भर असतो. पहिल्या हंगामात कोणी धावपळीचा पोरगा म्हणून लागतो, तिसऱ्या हंगामात सहायक होतो आणि आठव्यापर्यंत विभाग सांभाळतो. एकच मालिका वर्षानुवर्षं तिथे राहिली म्हणून हे शक्य झालं. दर वर्षी ठरलेल्या वेळी काम येणार हे माहीत असेल तर माणूस गाव सोडत नाही, घराचं कर्ज काढतो, मुलांना शाळेत घालतो. सुतार सेट बांधायला शिकतो, शिवणकाम करणारी बाई चिलखताखालचे कपडे शिवायला शिकते.

याची मुळं शाळेपर्यंत नेलेली आहेत. तिथल्या माध्यमिक शाळांत ‘मूव्हिंग इमेज आर्ट्स’ हा परीक्षेचा विषय आहे. चित्रपट कसा घडतो, दृश्यं कशी जोडतात, ध्वनी कसा वापरतात, हे मुलं करून शिकतात आणि त्याचे गुण मिळतात. डेरी, बेलफास्ट आणि अर्मा इथे एजन्सीच्या पाठबळावर मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी केंद्रं चालतात. नवख्या दिग्दर्शकांना लघुपटासाठी पैसे मिळतात. अशाच मदतीतून झालेल्या एका लघुपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. एवढ्याशा प्रदेशाला ऑस्कर मिळतं तेव्हा आपण प्रतिभेचं कौतुक करतो, ते करावंच. पण तिला पहिल्यांदा कॅमेरा हातात कोणी दिला, तेही विचारावं.

ते निघून गेले तर?

जातात. लपवण्यात अर्थ नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०१९ मध्ये संपली. त्याच वर्षी तिच्या पूर्वकथेवरच्या एका मालिकेचा चाचणी-भाग उत्तर आयर्लंडमध्ये चित्रित झाला, आशा वाढली, आणि ऑक्टोबरमध्ये एचबीओने ती मालिका रद्द केली. पुढची, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’, इंग्लंडमधल्या स्टुडिओत गेली. साखर कारखाना बंद पडल्यावर गावाचं काय होतं हे आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे त्या वर्षी बेलफास्टच्या सुतारांच्या घरी काय बोलणं झालं असेल ते सांगायला नको.

पण शिकलेले हात तिथेच होते. त्यांच्यासाठी हॉलिवुडचे चित्रपट आले, ब्रिटिश वाहिन्यांच्या पोलिसी मालिका येतच राहिल्या. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच कथाविश्वातल्या आणखी एका मालिकेचं चित्रीकरण पुन्हा उत्तर आयर्लंडमध्ये झालं. परत यायला त्यांना कारण होतं.

जाताना काही ओझंही ठेवून जातात. अँट्रिम परगण्यात ‘डार्क हेजेस’ नावाचा रस्ता आहे. अठराव्या शतकात एका कुटुंबाने आपल्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा ‘बीच’ जातीची झाडं लावली, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतून बोगदा झालाय. मालिकेत तो रस्ता काही क्षणच दिसला. त्यानंतर पर्यटकांच्या बस अशा लोटल्या की झाडांच्या मुळांवरून गाड्या जाऊ लागल्या, आणि २०१७ मध्ये त्या रस्त्यावर वाहनबंदी करावी लागली. २०१६ च्या वादळात यातली काही झाडं पडली होती. पर्यटन खात्याने त्यांच्या लाकडाचे दहा दरवाजे कोरून घेतले, सहाव्या हंगामाच्या दहा भागांचे दहा, आणि ते प्रदेशभरातल्या पबमध्ये बसवले. पडलेल्या झाडाचाही उपयोग केला याचं मला कौतुक आहे. तरीही अडीचशे वर्षांच्या झाडांवर एवढी गर्दी येणार हे आधी कोणाच्या लक्षात यायला हवं होतं, हेही खरं.

मोठे पाहुणे आले की घरची भाषा मागे पडणार नाही का?

हा प्रश्न मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा, आणि इथेच बेलफास्टच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

१९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथल्या हिंसाचाराला विराम दिला. कैद्यांची सुटका, शस्त्रं, पोलीस, सत्तावाटप अशा अवघड कलमांमध्ये त्या करारात आणखी एक आश्वासन आहे: आयरिश भाषेतल्या चित्रपट आणि टीव्ही निर्मितीला आर्थिक मदत करण्याचे अधिक परिणामकारक मार्ग शोधले जातील. शांतता करारात सिनेमा! आपली भाषा पडद्यावर ऐकू येणं हा मानाचा प्रश्न आहे, हे त्या टेबलावर बसलेल्यांना कळलं होतं.

त्यातून २००५ मध्ये आयरिश भाषा प्रसारण निधी सुरू झाला, आणि तो चालवायला याच एजन्सीकडे दिला. पुढे ब्रिटनशी नातं सांगणाऱ्या दुसऱ्या समाजाच्या अल्स्टर-स्कॉट्स, म्हणजे स्कॉटिश वळणाच्या बोलीच्या आणि संस्कृतीच्या, परंपरेसाठीही असाच निधी आला. या निधीतून कार्यक्रम होतात, आणि आयरिश बोलणाऱ्या तरुणांना निर्मितीचं प्रशिक्षणही मिळतं. २०२४ मध्ये बेलफास्टच्या आयरिश रॅप गाणाऱ्या तिघांवरचा ‘नीकॅप’ हा चित्रपट एजन्सीच्या मदतीने झाला. संवाद मोठ्या प्रमाणात आयरिशमध्ये, आणि तो जगभर गाजला. वीस वर्षं लावलेलं बेणं होतं ते.

सरकारचा पैसा, सरकारची मर्जी?

भीती खरी आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये अशा संस्थांसाठी ‘हातभर अंतर’ हे तत्त्व पाळतात. एकूण रक्कम आणि उद्दिष्टं सरकार ठरवतं, पण कोणत्या पटकथेला पैसे द्यायचे ते मंत्री ठरवत नाही.

‘नीकॅप’चंच उदाहरण घ्या. त्या तिघांचं राजकारण उघडपणे ब्रिटिश सत्तेच्या विरोधातलं, तरीही चित्रपटाला सार्वजनिक पैसा मिळाला. उलट संगीताच्या एका वेगळ्या सरकारी योजनेत त्यांना मंजूर झालेले १४,२५० पौंड २०२४ मध्ये एका मंत्र्याने अडवले. ते कोर्टात गेले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला चूक मान्य करून पैसे द्यावे लागले. अंतर पाळलं तर काय होतं आणि नाही पाळलं तर काय होतं, दोन्ही एकाच वर्षात दिसलं.

अंतर ठेवलं म्हणून संस्थेलाच अभय मिळतं असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या बहुतेक प्रादेशिक एजन्सी २०१० नंतरच्या काटकसरीत एका संस्थेत विलीन झाल्या. यॉर्कशरची एजन्सी स्वतःच्या हिमतीवर टिकली.

आणि आपल्याकडे?

आपण कोरी पाटी नव्हे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने करपरतावा योजना आणली: मराठी चित्रपटावर गोळा झालेला करमणूक कर निर्मात्याला पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी परत मिळायचा. ‘पुढच्या चित्रपटासाठी’ ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिने पैसा व्यवसायातच फिरता ठेवला. १९७७ मध्ये गोरेगावची चित्रनगरी आली. नंतर परताव्याची जागा अनुदानाने घेतली. पूर्ण झालेला, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट समिती पाहते, गुण देते आणि दर्जा ठरवते. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख हे आकडे अनेक वर्षं होते. गोव्यात एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा ही संस्था चित्रीकरणाच्या परवानग्या आणि इफ्फी महोत्सवाचं काम पाहते, आणि तिथे कोकणी-मराठी चित्रपटांसाठी अर्थसाहाय्याची योजनाही आहे.

फरक कुठे आहे ते आता दिसेल. आपलं अनुदान ऊस कारखान्यात पोहोचल्यावर मिळतं. बेणं, खत, पाणी, तोडणी हे सगळं शेतकऱ्याने आधीच कुठून तरी उभं करायचं. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे किंवा व्याजाने काढायची हिंमत आहे, त्यालाच हे जमतं. सांगलीत बसून पटकथा लिहिणाऱ्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांसाठी जे थोडे पैसे हवेत, ते या योजनेत नाहीत.

आणि हाताचं कसब टिकवायचं, तर कोल्हापूरएवढं दुखरं उदाहरण नाही. बाबूराव पेंटरांनी इथे कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवला. १९२९ मध्ये प्रभात इथे जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. कंपनी गेली की कारागीर जातात. मोरेवाडीला चित्रनगरी झाली, मधली बरीच वर्षं ओस पडली, आता तिथे पुन्हा चित्रीकरणं होतात. मोकळी जागा आणि बांधलेले सेट आपल्याकडे आहेत, बेलफास्टला सुरुवातीला नुसती शेड होती. त्या जागेत जनरेटरची गाडी कोल्हापूरची असावी, लाइटमन कागलचा असावा, आणि दोन चित्रीकरणांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत त्यांनी शेतात परत जाऊ नये, हे बघणारं शेतकी खातं हवंय.

वाड्यातला तो इलेक्ट्रिशियन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइटमनने त्याला आपला नंबर दिला आणि म्हणाला, ‘मुंबईला ये, काम देतो.’ तो गेला. आता गोरेगावात राहतो, चौघांत एक खोली. जोतिबाच्या यात्रेला गावी येतो तेव्हा भेटतो. मागच्या वेळी विचारत होता, ‘आपल्याकडं काही सुरू होतंय का?’